आईला येणारा गिअर ऑइलचा वास

आधीच सांगते, मी या सदरात फक्त वाचायला येते आणि बहुतेक वेळा वाचून हसते. पांढऱ्या साडीतली बाई, बंद खोलीतली पैंजणं... माझा यातल्या कशावरच विश्वास नाही, आणि खाली जे लिहिणार आहे ते घडल्यावरही बसलेला नाही. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव-देवस्की, अंगारे-धुपारे सगळं बंद. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. अमावस्येला मुद्दाम सहल काढणारी! मी स्वतः बदनापूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तेव्हा घाबरवायला म्हणून हे लिहीत नाहीये. कुणाला कारण सापडलं तर मला हवंच आहे.

राहायला मी जालन्यात. लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. धाकटा भाऊ संजू संभाजीनगरला कंपनीत आहे. डावा गुडघा कामातून गेल्यावर क्लच दाबणं अशक्य झालं, म्हणून मी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. रोज जालना–बदनापूर जायचं-यायचं, आणि सुट्टीच्या दिवशी आईला घेऊन कुठेतरी. आमचं गाव हसनाबाद. तिथं नातेवाईक आहेत, सुखदुःखाला जावं लागतं.

आता आईच्या नाकाबद्दल. त्या मोठ्या साथीत तिला ताप आला, त्यातून ती बरी झाली, पण वास गेला तो गेलाच. चव हळूहळू परतली, वास नाही. सुरुवातीला वाटलं, येईल चार-सहा महिन्यांत. वर्षं गेली. दूध उतू जाऊन करपलं तरी शेजारच्या खोलीत तिला पत्ता नसायचा. गॅसची भीती, म्हणून मी इंडक्शन शेगडी आणली. तिनं कधी तक्रार केली नाही. पण एकदा मी शाळेची नवी पुस्तकं घेऊन आले — भाचीसाठी — तर आईनं एक उघडून तोंडाजवळ धरलं, तसंच थोडा वेळ धरून ठेवलं, आणि मिटून परत दिलं.  

मागच्या वर्षी मोसंबीच्या बहराच्या दिवसांत हसनाबादला नात्यात बारसं होतं. दुपारी जेवून राजूरमार्गे परत निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बागा फुललेल्या, म्हणून मी एसी बंद करून काचा खाली घेतल्या. काय सुगंध सुटलाय, असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि लगेच जीभ चावली. आई समोर बघत बसलेली. थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, “वंदे, काहीतरी करपून राह्यलंय.”

मी गाडी बाजूलाच घेतली. करपल्याची काळजी नंतरची, आधी डोक्यात एवढंच की हिला वास आला! आई, खरंच? कसला? तिनं डोळे मिटले, मान जरा खाली नेली. “तेल. लोखंडी तव्यात तीळतेल करपावं, तसं. हितून येतंय.” आणि तिनं हात ठेवला तो दोन सीटांच्या मध्ये, गिअरच्या दांड्यापाशी.

मी वाकून वास घेतला. मोसंबीचा बहर, सीटच्या कापडाचा वास, माझा स्वतःचा घाम. बाकी काही नाही. बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं. कुठं धूर नाही, थेंब नाही. रस्त्यानं जाणारा एक मोटारसायकलवाला थांबला, त्यालाही काही आलं नाही.

त्या संध्याकाळी घरात सण असल्यासारखं झालं. मी एकेक डबा काढून आईच्या नाकाशी नेत होते. जिरे, लसूण, कॉफी, माझं अत्तर, शेवटी फिनेल. ती प्रत्येकाला मोठा श्वास घ्यायची आणि मान हलवायची. काहीच नाही. पण सकाळी गाडीत बसली आणि म्हणाली, आहे.

पुढं हे असंच चाललं. घरात काही नाही, रस्त्यावर काही नाही, दुसऱ्याच्या गाडीत काही नाही. फक्त आमच्या गाडीत, आणि फक्त तिला.

अंबड रोडला रफिकभाईंचं गॅरेज आहे. गाडी घेतल्यापासून मी त्यांच्याकडेच जाते. त्यांनी इंजिन ऑइल पाहिलं, ब्रेक पाहिले, वायरिंग पाहिलं, गाडी चालवून आणली. वास नाही. मी गिअरचं विचारलं तर म्हणाले, ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स बंद पेटीसारखा असतो, या मॉडेलला तेल तपासायची काडीसुद्धा नाही, आणि कंपनीच म्हणते की तेल गाडीच्या आयुष्यभराचं आहे. शिवाय आधीच्या मालकानं ते कधी बदललेलं दिसत नाही. इतकं जुनं तेल एकदम काढून नवं घातलं तर कधी कधी आतल्या क्लच प्लेटा घसरायला लागतात, चालती गाडी बंद पडते. “म्याडम, गाडी मख्खन चालून राह्यली. कायको छेडता?” असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही.

संजूला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, ताई, नसलेला वास येणं हे मेंदूचं लक्षण असतं, मी वाचलंय, उशीर करू नकोस. मलाही ते माहीत होतं, फक्त मनात आणलं नव्हतं. आम्ही आईला संभाजीनगरला नेलं. नाक-कान-घशाचे डॉक्टर, मग न्यूरोवाले, मग एमआरआय. सगळं स्वच्छ. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगणारे. वास नाक घेत नाही, मेंदू घेतो. नाकाकडून बातमीच आली नाही की मेंदू कधी कधी स्वतःच बातमी तयार करतो, आणि ती बहुतेक करपल्याचीच असते. मला हे पटलं. खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

आई मात्र परतीच्या वाटेवर बदनापूर येईपर्यंत डॉक्टरांचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. मग म्हणाली, “म्हंजे मला भास होऊन राह्यलेत.”

मी म्हटलं, आई, असं होतं कुणालाही, त्यात काही... ती म्हणाली, बरं.

त्यानंतर संजूच्या बोलण्यात फरक पडला. आईनं औषध घेतलं का, किल्ली कुठं ठेवली ते तिला आठवतं का, एकटीला बाहेर पाठवू नकोस. तो काळजीनंच बोलायचा. पण आई समोर बसलेली असायची आणि तिला सगळं ऐकू जायचं. वास गेला होता, कान शाबूत होते.

एका रविवारी दुपारी मी खिडकीतून पाहिलं, तर आई अंगणात उभ्या असलेल्या गाडीत बसलेली. काचा बंद, दार बंद, उन्हाचा ताव. मी घाबरून पळत गेले. ती मागं टेकून, डोळे मिटून बसली होती आणि चेहरा... काय सांगू, देवळात बसलेल्या बायांचा असतो तसा शांत. मी दार उघडलं. ती जरा ओशाळली, म्हणाली, जरा बसल्ते. मग गाडीतून उतरताना, माझ्याकडं न बघता, “वंदे, माझी परीक्षा घे. तू सायन्सवाली हायेस ना? घे बराबर.”

परीक्षा घ्यायची तर नीट, हे मलाही पटलं. रफिकभाईंकडं तेव्हा आणखी दोन गाड्या उभ्या होत्या, त्यातली एक ऑटोमॅटिकच. मी धुतलेली सुती फडकी आणि घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे नेले. तिन्ही गाड्यांच्या गिअरबॉक्सचा खालचा भाग आधी पुसून कोरडा केला, आणि मग एकेक स्वच्छ फडकं त्यावरून फिरवून डब्यात बंद केलं. रफिकभाई हसत होते, पण त्यांनी गाड्या वर घेऊन दिल्या. घरी आल्यावर शेजारच्या काकूंना बोलावलं. मी सांगितलं तशा त्यांनी दुसऱ्या खोलीत डब्यांच्या बुडाला खुणा केल्या, अदलाबदल केली, आणि मग कुठला कुठल्या गाडीचा ते मलाही कळू दिलं नाही. म्हणजे माझ्या चेहऱ्यावरूनही आईला कळायला नको.

आई टेबलाशी ताठ बसली, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी. तिनं एकेक डबा उघडला, हुंगला, बंद केला. मग एक पुढं सरकवला. “ह्यो.”

काकूंनी बुड पाहिलं. आमच्याच गाडीचा. पुन्हा अदलाबदल. पुन्हा तोच. काकूंनी मुद्दाम एकदा आमचा डबा ठेवलाच नाही, तर आईनं सगळे हुंगून सांगितलं, यात न्हाई. शेवटी काकूच कंटाळल्या. मी त्यातलं एकेक फडकं नाकाशी धरून पाहिलं. मला तिन्ही सारखीच वाटली. धुतलेलं कापड, बस्स.

संजूला सांगितलं. तो म्हणाला, योगायोग असेल. मी गणित मांडून दाखवायला लागले तर म्हणाला, ताई, तू पण आता... वाक्य त्यानं पूर्ण केलं नाही.

मे महिना जवळ आला होता. संजूच्या मुलांना सुट्ट्या लागल्या की सगळ्यांना घेऊन चिखलदऱ्याला जायचं, माझ्याच गाडीनं, असं आधीपासून ठरलेलं. भर उन्हाळा, भरलेली गाडी, वर घाटाची चढण. निघायच्या आठवड्यात आई म्हणाली, वास बदललाय. आधी करपल्याचा होता, आता कडू झालाय, घशात उतरतो. ती म्हणाली, “पोरं हायेत संगं. ह्या गाडीनं घाट चढू नको. मला येडी म्हणा, चालंल.”

मी सकाळीच गाडी रफिकभाईंकडं नेली आणि म्हटलं, गिअर ऑइल बदला, नंतर काही झालं तर जबाबदारी माझी. त्यांनी पुन्हा एकदा समजावलं, आणि मग बाही वर केली. आईही आली होती. निंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली.

हे काम कसं करतात ते मी पहिल्यांदाच पाहिलं. गाडीवाल्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगते. आधी गाडी थोडी फिरवून आणली, कारण तेल कोमट असलं की मळ खाली न बसता तेलासोबत निघतो. मग वर घेऊन पहिल्यांदा तेल भरायचा बोल्ट उघडून पाहिला. रफिकभाई म्हणाले, आधी खालचा उघडला आणि मग वरचा निघालाच नाही, तर गाडी तेलाशिवाय लटकून राहते. तेल किती निघतंय ते मोजायचं, कारण तेवढंच परत घालायचं. आणि नवं तेल त्याच जातीचं, जे कंपनीनं सांगितलंय. लाल तेल दिसतं म्हणून कुठलंही लाल तेल चालत नाही. हे सगळं बोलत बोलतच त्यांनी खालचा बोल्ट सोडवला.

तेल लाल नव्हतं, तपकिरीही नव्हतं. काळं, डांबरासारखं. आणि त्याच्यासोबत जो वास आला, त्यानं रफिकभाई झटकन मागं झाले आणि बाहीत नाक खुपसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारचा पंक्चरवाला उठून बघायला आला, काय जळालं म्हणून.

तीळतेल. लोखंडी तव्यात करपलेलं तीळतेल, आणि मागून कडवट काहीतरी, घशात उतरणारं.

मी वळून आईकडं पाहिलं. खरं म्हणजे मला तिला सांगायचं होतं की आई, तू जिंकलीस. ती खुर्चीतून उठली होती आणि तिचा चेहरा उतरलेला होता.

“बंद झाला,” ती म्हणाली. “आत्ताच. दिवा मालवावा तसा.”

ती चालत आली. ट्रेमध्ये ते काळं तेल, आम्ही तिघंही नाकाला कापड लावून उभे, आणि माझी आई त्यावर वाकली. चेहरा पार जवळ नेला. श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग बोट बुडवून नाकाशी धरलं. मी तिच्या दंडाला धरलं, आई राहू दे. तिनं विचारलं, कसा हाये वास? मी सांगितलं, जसा येत होता तसा. करपलेलं तीळतेल.

“हां,” ती म्हणाली. “त्योच.” आणि पदराला बोट पुसलं.

रफिकभाईंनी गिअरबॉक्सच्या बुडाचं पॅन सोडवलं. आतल्या चुंबकावर लोखंडाच्या बारीक भुकटीचा चिखल जमलेला. त्यांच्या मते आत एक क्लच जळत चालला होता. त्या उन्हाळ्यात भरलेली गाडी घाटात चढवली असती तर मध्येच गिअर सुटला असता, आणि चढावर गिअर सुटला म्हणजे काय ते सांगायला नको. पण वासाचं त्यांना काही सांगता येईना. मी म्हटलं, गिअरबॉक्सला हवा खेळायला एक बारीक नळी असते ना, तिच्यातून आला असेल. ते ती नळी बघायलाच गेले. तोंड चिखलानं गच्च बुजलेलं, वाळून दगड झालेलं. त्यांनी काडीनं ते मोकळं केलं आणि माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, “म्याडम, हितून तर मुंगी पण बाहेर न्हाई येणार.” आणि समजा आला असता वास, तर माझ्याही नाकाला यायला हवा होता. माझं नाक चांगलं आहे, लॅबमध्ये मुलांच्या आधी मला कळतं.

नवं तेल घातलं, गाडी चालू ठेवून गिअरचा दांडा एकेका जागी थोडा थोडा थांबवत फिरवला, पातळी पाहिली. ज्या घसरण्याची भीती होती ती झाली नाही. चिखलदऱ्याला आम्ही भाड्याच्या गाडीनंच गेलो. पोरांना काय, त्यांना फक्त बोटिंग हवं होतं. संजूनं तिकडं दोन-तीनदा आईशी काही बोलायचा प्रयत्न केला. शेवटच्या दिवशी तलावाकाठी तो तिच्याजवळ बराच वेळ बसला होता. काय बोलले ते मी विचारलं नाही. पण तेव्हापासून फोनवर तो माझ्यामार्फत आईची चौकशी करत नाही, तिच्याशीच बोलतो.

एका खेपेत सगळं तेल निघत नाही, निम्मं आतच राहतं. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा एकदा बदलायला गेलो. या वेळी तेल तांबूस निघालं, वास जेमतेम. आई खुर्चीतून उठली नाही. परत येताना मी न राहवून विचारलं, तुला आता बरं वाटतंय ना? तो घाणेरडा वास गेला एकदाचा.

तिनं गिअरच्या दांड्यापाशी हात ठेवला. मग म्हणाली, “करपलेला का होईना, वास व्हता ना गं. मला सकाळी उठून गाडीत बसावं वाटायचं.”

त्यानंतर तिला कसलाही वास आलेला नाही.

डॉक्टरांना मी हे सगळं लिहून पाठवलं, डब्यांच्या परीक्षेसकट. त्यांनी फोन केला, मनापासून ऐकलं आणि म्हणाले, माझ्याकडे उत्तर नाही. रफिकभाई कुणी ऑटोमॅटिक गाडी आणली की आता स्वतःहून तेलाचं विचारतात, पण आईची गोष्ट कुणाला सांगत नाहीत, लोक हसतील म्हणून. मी हे लिहायला घेतलं तेव्हा आईला विचारलं. ती म्हणाली, लिही, पण चमत्कार-बिमत्कार लिहू नको, कारण असणारच, आपल्याला गावलं न्हाई एवढंच.

म्हणून नाही लिहीत. जे झालं तेवढंच लिहिलंय. तो गिअरबॉक्स बंद होता तोवर वास तिच्या एकटीचा होता. उघडला, आणि तो सगळ्यांना आला — तिला सोडून. कारण मी अजून शोधते आहे.